सेवेच्या करारात शासनाचे कर्तव्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नवापूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना 'शासन आणि सेवाभावी संस्था' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली. मी विद्वान नाही. चाळीस वर्षे बोईसरच्या बाजारपेठेत कापड मोजत आलो. वाणिज्य शाखेची पदवी घेतली तेवढीच शिदोरी. परंतु ट्रस्टचे हिशेब पाहण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे असल्याने शासकीय कार्यालयांशी झालेले करारनामे वाचण्याचा आणि त्यांचा अनुभव घेण्याचा योग आला. त्या अनुभवातून जे वाटले, ते आपल्यापुढे ठेवतो.

अशा समारंभात संस्थांच्या कर्तव्यांविषयी पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. विश्वस्ताने कसे वागावे, हिशेब कसे ठेवावेत, दानाचा विनियोग कसा करावा, हे आपण नेहमी ऐकतो. आज मी करारावर सही करणाऱ्या दुसऱ्या पक्षाविषयी बोलणार आहे. तो पक्ष म्हणजे शासनाचे सेवा खाते : आरोग्य, महिला व बालविकास, आदिवासी विकास, सामाजिक न्याय. संस्थेशी करार केल्यानंतर या खात्यांकडे कोणती कर्तव्ये उरतात? माझे उत्तर थोडक्यात असे आहे : करार केल्याने काम वाटले जाते, जबाबदारी वाटली जात नाही.

आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात एका बाजूला तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ साली सुरू झालेले अणुविद्युत केंद्र आहे, तर दुसऱ्या बाजूला जव्हार-मोखाड्याचे डोंगर आहेत. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी अवघा महाराष्ट्र हादरला होता. तेव्हापासून या भागात शासनाच्या योजनांची वाण पडलेली नाही. योजना आणि पाडा यांच्यामध्ये माणसे कमी पडतात, आणि तेथे संस्थांना बोलावले जाते. कोणी रुग्ण गोळा करतो, कोणी वसतिगृह चालवतो, कोणी अन्न शिजवतो.

घटनेच्या अनुच्छेद ४७ नुसार जनतेचे पोषणमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. अनुच्छेद ४६ अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक व आर्थिक हिताची विशेष काळजी राज्यावर सोपवतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तो राज्य सरकारांना दिला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात तर असे आहे की, हक्काचे धान्य अथवा भोजन मिळाले नाही तर लाभार्थ्यास अन्न सुरक्षा भत्ता देणे राज्य सरकारवर बंधनकारक आहे. स्वयंपाक कोणीही करो, ताट रिकामे राहिले तर उत्तर शासनाने द्यावयाचे आहे.

आता आमच्याच ट्रस्टचा एक अनुभव सांगतो. कार्यालयाचे नाव घेत नाही, कारण मला कोणाची निंदा करावयाची नाही.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून देशात चालू आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी त्यात सेवाभावी संस्थांना सहभागी करून घेण्यात येते आणि शस्त्रक्रियेमागे ठरावीक अनुदान दिले जाते. काही वर्षांपूर्वी आम्ही अशा कामात उतरलो. पाड्यापाड्यांतून रुग्ण आणणे, त्यांची राहण्या-जेवणाची सोय करणे, शस्त्रक्रियेनंतर घरी पोहोचवणे आणि पुन्हा तपासणीस आणणे, हे आमच्याकडे. शस्त्रक्रिया एका रुग्णालयाकडे. कार्यालयाने अनुदान द्यावयाचे आणि आम्ही ते रुग्णालयाकडे पोहोचवावयाचे. करार करताना आमच्याकडून नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, विश्वस्त मंडळाचा ठराव, आयकराची प्रमाणपत्रे, सर्व काही मागून घेण्यात आले. आम्ही आनंदाने दिले. परंतु अनुदान किती दिवसांत मिळेल, हे त्या करारनाम्यात कोठेच नव्हते. आम्हीही विचारले नाही. सेवेच्या कामात पैशाचे काय विचारायचे, असा संकोच वाटला. दुकानात मात्र अशी चूक मी कधी केली नसती.

पहिल्या शिबिराचे काम उत्तम झाले. कागदपत्रे आम्ही त्याच महिन्यात सादर केली. त्यानंतर चौदा महिने अनुदान आले नाही. एकदा निधी उपलब्ध नव्हता, एकदा नमुना बदलला होता, एकदा मूळ फाईल सापडत नव्हती. मध्यंतरी दोन अधिकारी बदलून गेले. तिसऱ्यांनी शांतपणे सांगितले की, "हा करार माझ्या कार्यकाळातील नाही."

व्यापाऱ्याचे येणे अडकले तर तो बँकेकडून उचल घेतो, आडत्याला थांबवतो, भावाकडून हातउसने आणतो. सार्वजनिक न्यासाला ही मोकळीक नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६-अ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विश्वस्तांना न्यासासाठी कर्ज काढता येत नाही. शिवाय आपल्याकडे प्रत्येक द्रव्याचे खाते वेगळे. देवद्रव्य मंदिराखेरीज अन्यत्र वळवता येत नाही. ते तात्पुरते घ्यावे असे कोणी सुचवले असते तरी मी सही केली नसती. साधारण खात्यात आणि अनुकंपेच्या खात्यात होते तेवढे रुग्णालयाला दिले, बाकी दात्यांच्या दारी जाऊन उभे केले. परिणाम असा झाला की दुसरे शिबिर ठरल्या वेळी घेता आले नाही.

त्या पहिल्या शिबिरात विक्रमगड तालुक्यातील एका पाड्यावरच्या आजीबाई होत्या. त्यांचे दोन्ही डोळे पिकले होते. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्या डोळ्याची पुढच्या शिबिरात करू, असे मीच त्यांना सांगितले होते. पहिल्या डोळ्याला फारशी दृष्टी आली नाही, सारी आशा दुसऱ्यावर होती. आमचे कार्यकर्ते पावसाळ्यात त्या पाड्यावर गेले तेव्हा त्या आवणीला शेतात उभ्या होत्या. सून रोप हातात देत होती आणि त्या अंदाजाने चिखलात लावत होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "शेठनं सांगितलं होतं ना, दुसरा डोळा कधी?" कार्यकर्त्यांपाशी उत्तर नव्हते. घरी येऊन त्यांनी ते मला सांगितले तेव्हा माझ्यापाशीही नव्हते. पुढे शिबिर झाले, त्यांची शस्त्रक्रियाही झाली. परंतु त्यांच्या आयुष्यातील दोन आवण्या अंधारात गेल्या, त्या कोणत्या खात्यात भरून येणार?

त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. करारावर सह्या दोघांच्या असतात, शासनाची आणि संस्थेची. परंतु कसूर झाल्यास त्याची किंमत तिसराच माणूस मोजतो, ज्याची सही तर नसतेच, पण असा काही करार आहे हे त्याला ठाऊकही नसते. म्हणून शासनाचे कर्तव्य केवळ संस्थेप्रति नसून त्या तिसऱ्या माणसाप्रति आहे.

महाविद्यालयात आम्हाला १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा शिकवला जाई. त्याचे कलम ९ मला आजही आठवते. भागीदारांनी व्यवसाय सर्वांच्या अधिकाधिक हिताचा होईल असा चालवावा, परस्परांशी न्यायाने व निष्ठेने वागावे, खरा हिशेब आणि संपूर्ण माहिती द्यावी, असा त्याचा आशय आहे. शासन आणि संस्था यांचा करार म्हणजे कायद्याच्या अर्थाने भागीदारी पेढी नव्हे, हे मी जाणतो. परंतु शासनच आपल्या कागदांत 'भागीदारी' हा शब्द वापरते. कापडाच्या दोन दुकानदारांकडून कायदा जी निष्ठा अपेक्षितो, तिच्यापेक्षा कमी निष्ठा गरिबांच्या सेवेत कशी चालेल? या दृष्टीने शासकीय खात्यांची पाच कर्तव्ये मला दिसतात.

पहिले कर्तव्य, सर्व काही स्पष्ट आणि लेखी असावे. घटनेच्या अनुच्छेद २९९ नुसार राज्य शासनाचा करार राज्यपालांच्या नावाने व्हावा लागतो आणि त्यावर अधिकार दिलेल्या व्यक्तीनेच सही करावी लागते. म्हणजे "काम सुरू करा, पुढचे आपण पाहून घेऊ" या साहेबांच्या तोंडी शब्दाला आधार नाही. शब्द देणारा अधिकारी भला असतो, पण तो बदलून गेला की शब्दही त्याच्याबरोबर जातो. कोणी काय करावयाचे हे स्पष्ट असले तर काम किती सुरळीत होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०१७ साली सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत गाळ काढण्याचा भार शासन व देणगीदार संस्थांवर आणि तो शेतापर्यंत वाहून नेण्याचा शेतकऱ्यावर, अशी वाटणी होती. २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात भारतीय जैन संघटनेने यंत्रे पुरवली आणि इंधनाचा खर्च शासनाने उचलला. यंत्र कोणाचे आणि डिझेल कोणाचे, हे आधीच ठरले असल्यावर भांडणाला जागा कमी उरते.

दुसरे कर्तव्य, पैसा वेळेवर द्यावा. मी भिवंडीच्या लहान उत्पादकाकडून कापड घेतले तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असल्यास फार तर पंचेचाळीस दिवसांत आणि नसल्यास पंधरा दिवसांत त्याचे पैसे चुकवावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर असा उशिरा दिलेला पैसा त्या वर्षाचा खर्च म्हणून आयकरात धरला जात नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी धरला जातो. हा नियम माझ्यासारख्या व्यापाऱ्याला लावणाऱ्या शासनाने स्वतः सेवाभावी संस्थेला चौदा महिने थांबवावे, हे न्यायाला धरून नाही. मुदत करारातच लिहावी आणि कामाच्या आरंभी काही रक्कम आगाऊ द्यावी, एवढीच अपेक्षा आहे.

तिसरे कर्तव्य सातत्याचे. अधिकारी बदलतो, शासन बदलत नाही. मी दुकान मुलाच्या हाती दिले म्हणून माझ्या सहीची हुंडी खोटी ठरत नाही. बदली होताना चालू करारांची यादी, देय रकमा आणि दिलेली आश्वासने नव्या अधिकाऱ्याच्या हाती लेखी सोपवली गेली पाहिजेत. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने नागरिकांना अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क दिला आणि टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची तरतूद केली. तीच शिस्त सेवेच्या करारांनाही लागू व्हावी.

चौथे कर्तव्य देखरेखीचे, आणि हे सर्वांत मोठे आहे. देखरेख म्हणजे नुसते कागद तपासणे नव्हे. येथून जवळच कांबळगाव येथे आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांसाठी मध्यवर्ती स्वयंपाकगृह उभे राहिले. तेथे शिजलेले अन्न वाहनांतून दूरदूरच्या शाळांत जात असे. कल्पना चांगली आहे, स्वच्छता आणि प्रमाण राखणे त्यामुळे सोपे होते. परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये डहाणू भागातील अनेक आश्रमशाळांतील दोनशेहून अधिक मुलामुलींना जेवणातून विषबाधा झाल्याची लक्षणे दिसली आणि त्यांना रुग्णालयांत हलवावे लागले. त्या शाळांना याच स्वयंपाकगृहातून जेवण पुरवले जात होते. दोष कोणाचा, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. मी एवढेच म्हणतो की एका ठिकाणी हजारो मुलांचे अन्न शिजते तेव्हा एका ठिकाणची चूक हजारो ताटांत जाते, म्हणून तेथे देखरेखही तितकीच मोठी हवी. अन्न किती वाजता शिजले, किती वाजता निघाले, किती वाजता वाढले, कोणी चाखले, याची रोजची नोंद शासनाच्या माणसाने पाहिली पाहिजे. आईबापांनी मुले शासनाच्या शाळेत ठेवली आहेत, कोणत्या कंत्राटदाराच्या किंवा ट्रस्टच्या स्वाधीन केलेली नाहीत.

सहकारी निवडणे हाही याच कर्तव्याचा भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी अंगणवाडीच्या पोषण आहारात कंत्राटदार नकोत, गावसमाज, बचत गट आणि महिला मंडळे यांच्यामार्फत काम व्हावे, असे सांगितले. कमी दराची निविदा पाहून सहकारी ठरत नाही. ज्याला त्या मुलांची ओळख आहे, तो आधी पाहावा.

पाचवे कर्तव्य, करार संपवतानाची जबाबदारी. योजना बदलते, निधी थांबतो, कधी संस्थाच उणी पडते, हे सर्व समजण्याजोगे आहे. परंतु वसतिगृहातील मुलाला पुढचे जेवण कोठे मिळणार, हे ठरल्याशिवाय करार संपू नये. इंग्लंडमध्ये १९९८ साली शासन आणि स्वयंसेवी क्षेत्र यांच्यात 'कॉम्पॅक्ट' नावाचा सामंजस्याचा मसुदा झाला. त्यात दोन्ही बाजूंनी आपापली वचने लिहून दिली. २०१० च्या सुधारित मसुद्यात निधी बंद करताना किंवा त्यात बदल करताना किमान तीन महिन्यांची लेखी सूचना देण्याचे शासनाने मान्य केले. आपल्याकडेही २००७ साली केंद्र सरकारने स्वयंसेवी क्षेत्राविषयीचे राष्ट्रीय धोरण स्वीकारले आणि संस्थांच्या स्वायत्ततेला व सहकार्याला मान्यता दिली. ते धोरण जिल्ह्याच्या टेबलावरील करारनाम्यापर्यंत उतरले पाहिजे.

बंधू-भगिनींनो, आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाही तर हिशेब एकतर्फी होईल. शासनाचा पैसा हा लोकांचा पैसा आहे. केवळ कागदावर चालणाऱ्या संस्था, एका रुग्णाची दोनदा नोंद करणाऱ्या संस्था, वसतिगृहात नसलेली मुले दाखवणाऱ्या संस्था नसत्या, तर शासनाला एवढी प्रमाणपत्रे मागावी लागली नसती. आपणही कायद्याने बांधलेले आहोत. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्यात, आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवावी, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. ती काही ठिकाणी मनापासून पाळली जात नाही, हे मान्य करणे प्रामाणिकपणाचे होईल. एका प्रामाणिक अधिकाऱ्याने मला सांगितले होते, "शेठजी, तुमची फाईल मी लवकर काढली आणि उद्या आक्षेप निघाला, तर माझे निवृत्तिवेतन थांबते." त्यांचे भय खोटे नव्हते.

म्हणून मी शासनाने सैल व्हावे असे म्हणत नाही. कडक असणे आणि उशीर करणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गिऱ्हाईकासमोर कापड ताणून, उजेडात धरून, दोनदा मोजावे, पण मोजून झाल्यावर फाडून द्यावे. तपासणी कामाच्या वेळी शिबिरात येऊन व्हावी, वर्षभराने फाईलमध्ये नको. आणि तपासून योग्य ठरले तर देय रक्कम उपकार म्हणून नव्हे, ऋण म्हणून फेडावी.

आपल्या ट्रस्टने त्या अनुभवानंतर एक शिस्त लावून घेतली. कोणत्याही शासकीय करारावर सही करण्यापूर्वी विश्वस्त मंडळ पाच प्रश्न लेखी विचारते. कोणाचे काम कोणते? पैसा किती दिवसांत? अधिकारी बदलल्यास उत्तर कोण देणार? तपासणी कोण, केव्हा, कोठे करणार? आणि करार मध्येच संपला तर लाभार्थ्याचे काय? या प्रश्नांमुळे एक करार हातचा गेला, हे खरे. परंतु दुसऱ्या एका कार्यालयाने पाचही उत्तरे लिहून दिली, आणि ते काम आज कुरकुरीवाचून चालू आहे. लेखी विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. व्यापारात आपण सख्ख्या भावालाही पावती देतो, कारण त्यामुळे भाऊपण टिकते.

नवी पिढी आता ट्रस्टची सूत्रे हाती घेत आहे. तिला माझी एवढीच विनंती आहे की, शासनाशी करार करताना संकोच करू नका आणि दुरावाही धरू नका. शासनाला त्याच्या कर्तव्याची आठवण देणे हाही सेवेचाच भाग आहे, कारण आपण ती आठवण आपल्यासाठी देत नाही. चिखलात उभे राहून अंदाजाने रोप लावणारी ती आजीबाई कोणत्याही कार्यालयाच्या पायऱ्या चढणार नाही. तिच्या वतीने विचारणारे कोणी तरी टेबलाच्या या बाजूला असावे, म्हणून संस्था असते.

 बोलण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.